ओव्हनशिवायचा घरचा ओट बार: करून, खाऊन, वाटून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगते, मग पाल्हाळ. घरी ओव्हन न लावता केलेला ओट बार चवीला पाचपैकी चार, खिशाला साडेचार, मेहनतीला तीन (खजूर मिक्सरच्या पात्याला चिकटतो त्याचे दोन कापले), आणि "हेल्दीच आहे की" म्हणत येताजाता डबा उघडून खायच्या लायकीचा म्हणाल तर शून्य. शून्य का ते खाली आकड्यांसकट सांगते, कारण इन्स्टावर सगळे नुसतं "गिल्ट फ्री" म्हणून मोकळे होतात.

हा उद्योग सुरू झाला तो बाजारातल्या बारची पाकिटं उलटी करून वाचायची सवय लागल्यामुळे. आपल्याकडे नियमच आहे की पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे सगळ्यात जास्त जे असेल ते पहिलं. त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात ओट्स आणि मागेही पहिल्या नंबरला ओट्स, सगळं छान वाटतं. पण मग खाली वाचत जा. साखर, मग लिक्विड ग्लुकोज, मग इन्व्हर्ट सिरप, मग मध, कधी माल्टोडेक्स्ट्रिन, सगळे साखरेचेच भाऊबंद पण वेगवेगळे लिहिलेले, त्यामुळे एकेकटे खालच्या नंबरला जातात, आणि चौघांची बेरीज केली तर ते ओट्सच्या मांडीला मांडी लावून बसतील. सगळेच बार असे नसतात, काही खरंच चांगले आहेत, पण वाचल्याशिवाय कळत नाही. आणि ते आयएनएस ४२२ लिहिलेलं असतं ना (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात वरून घातलेल्या पदार्थांचा ठरलेला नंबर), ते ग्लिसरीन. विषबिष काही नाही, ओलावा धरून ठेवायला घालतात, म्हणून तो बार महिनोन्महिने मऊ राहतो. घरच्या बारला ही सोय नाही हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता सामान. ओट्स घ्यायला गेलात की दुकानात चार तऱ्हेचे दिसतात आणि चारही पाकिटांवर वाटीभर खीर आणि हसणारं कुटुंब. आपल्याला हवेत ते रोल्ड ओट्स, म्हणजे अख्खा दाणा वाफवून रोलरखाली चपटा केलेला, आपल्या जाड पोह्यांचा चुलतभाऊच. क्विक ओट्स किंवा इन्स्टंट म्हणजे तेच पण जास्त पातळ आणि तुकडे केलेले, ते बारमध्ये घातले की सगळा ओलावा पिऊन टाकतात आणि बार चावायला न येता पिठीसारखा टाळूला चिकटतो. दोन मार्क देईन, तेही घरात तेवढेच असतील तर. स्टील कट म्हणजे दाण्याचे नुसते कापलेले तुकडे, ते खीर-उपम्याला मस्त, पण न शिजवता बारमध्ये घातलेत तर दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा. आणि मसाला ओट्स, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, आमच्याकडे "ओट्स आण" म्हटल्यावर खरोखर मसाला ओट्सच आले होते, कांदा-टोमॅटो फ्लेवर. नवऱ्याला सांगताना पाकिटाचा फोटोच पाठवत जा.

कच्चे ओट्स चालतात का असं खूप जणी विचारतात. दुकानातले ओट्स तसे पूर्ण कच्चे नसतातच. ओटच्या दाण्यात बाकीच्या धान्यांच्या मानाने तेल बरंच असतं, आणि सोबत ते तेल खवट करणारं एंझाइमही असतं, म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ देऊन ते एंझाइम मारतात, नाहीतर पाकीट घरी येईपर्यंत कडू झालं असतं. त्यामुळे पोटाला त्रास होईल म्हणून नाही, तर चवीसाठी भाजायचे. ओव्हन नको म्हणजे गॅसही नको असं नाही हो. कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत आणि बोटांत चुरला तर कुरकुरीत तुटेपर्यंत. ही पायरी गाळून केलेला बार आणि भाजून केलेला बार शेजारी ठेवून खाल्लेत तर पहिल्याला पुठ्ठ्याची चव लागते, दुसरं वर्णन मला सुचत नाही. परदेशी व्हिडिओत सगळं कच्चंच एका भांड्यात ओतून कालवतात आणि म्हणतात पाच मिनिटांत तयार. पाच मिनिटांत होतं, पण मग लागतंही पाच मिनिटांचंच.

एक गंमत जाता जाता. आपल्याकडे ओट हे पीक मुख्यतः गुरांच्या चाऱ्यासाठीच लावतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ओटचा फुले हरिता नावाचा वाण आहे, तोही हिरव्या चाऱ्यासाठी. आमच्या मामांना बार दिला, त्यांच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, ते ओट्सच्या पाकिटावरचा भाव वाचून म्हणाले, "म्हशीला सांगू नकोस गं, रुसेल." माणसांच्या पाकिटातले ओट्स बरेचदा ऑस्ट्रेलियातून आलेले असतात, मागे मूळ देश बारीक अक्षरात लिहिलेला असतो बघा.

पण खरं सांगू, ओट्सवर एवढं बोलून उपयोग नाही. ओट बार चांगला होणार की डब्यात भुगा होणार हे ओट्स ठरवतच नाहीत, ते ठरवतो त्यांना धरून ठेवणारा चिकटा. इथेच सगळ्या रेसिप्या गंडतात कारण त्या इंग्रजीतून जशाच्या तशा उचललेल्या असतात आणि आपल्या हवेचा, आपल्या दुकानाचा विचारच नसतो.

मध घ्या. मधात पाणी असतं, आपल्याकडच्या नियमाने वीस टक्क्यांपर्यंत चालतं. तो नुसता कालवून केलेला बार फ्रीजमध्ये शहाण्यासारखा बसतो, बाहेर काढला की दहा मिनिटांत पसरतो. मेपल सिरप तर अजून पातळ, जवळजवळ एक तृतीयांश पाणीच, आणि किंमत बघितलीत तर त्या पैशात आठवड्याची भाजी येते. तिकडच्या लोकांकडे ते घरचं झाड आहे, त्यांना परवडतं, आपण कशाला. मग येतं खोबरेल तेल. "खोबरेल तेल वितळवून घाला, सेट झालं की बार घट्ट होतो." होतो ना, पण खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंड देशात ते स्वयंपाकघरात आपोआप गोठतं. इकडे डोंबिवलीत मे महिन्यात बाटलीतलं तेल पाण्यासारखं असतं आणि तो बार डब्यात ठेवून सात-अठ्ठावनची लोकल पकडलीत तर दादरला उतरेपर्यंत चमच्याने खायचा पदार्थ झालेला असतो. खोबरेल तेलाच्या बारला आपल्या हवेसाठी एक मार्क, आणि तो एकही डिसेंबरपुरता.

नुसत्या खजुराचा बार सगळ्यात सोपा आणि त्यामुळे सगळ्यात लोकप्रिय. खजूर वाटायचा, ओट्स आणि सुका मेवा मिसळायचा, थापायचा, झालं. चव चांगली असते. पण मला तो बार वाटतच नाही, तो लाडू आहे, चौकोनी कापलाय इतकंच. चावताना ताण लागत नाही, मऊ मऊ, आणि ओट्स रात्रभरात खजुरातला ओलावा ओढून घेतात त्यामुळे भाजलेल्याचा कुरकुरीतपणा दुसऱ्या दिवशी गेलेला. तीन मार्क. घाई असेल तर करा.

आणि मग आपला चिक्कीचा गूळ. अहो, लोणावळ्याला जाऊन किलोकिलोने चिक्की आणतो आपण आणि ओट बारला मात्र मेपल सिरप शोधत फिरतो, हे मला कळतच नाही. चिक्कीचा गूळ कुठल्याही वाण्याकडे मिळतो, संक्रांतीच्या आसपास तर ढीग लागलेले असतात. साधा गूळ पाक करून गार झाला की भुसभुशीत, दाणेदार होतो, चिक्कीचा गूळ चिवट राहतो, तार धरतो, आणि बारला नेमकं तेच हवं असतं. फक्त चिक्कीएवढा पाक करायचा नाही. चिक्कीला थेंब पाण्यात टाकला की टणक होऊन कडकन मोडायला पाहिजे, तो पाक साधारण १५० अंशांच्या आसपासचा. बारला थेंब पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळली पाहिजे, दाबली की चपटी होणारी, म्हणजे ११२ ते ११६ अंश. थर्मामीटर घरात कुणाकडे नसतो आणि लागतही नाही, वाटीभर पाणी शेजारी ठेवलं की झालं. थेंब पाण्यात विरघळून पसरला तर थांबा, गोळी वळली तर लगेच गॅस बंद. या दोन अवस्थांमध्ये फार वेळ नसतो हो, आणि नेमकं तेव्हाच कुरिअरवाला बेल वाजवतो.

पण नुसता गुळाचा पाकही पुरत नाही, तो बार दोन दिवसांनी कडक व्हायला लागतो. म्हणून माझं मत ठाम आहे, खजूर आणि चिक्कीचा गूळ दोन्ही, आणि त्यात शेंगदाण्याचं बटर. खजूर ओलावा धरतो, गूळ ताण देतो, बटर दोघांना वंगण देतं. वर जो ग्लिसरीनचा उल्लेख केला ना, घरच्या बारमध्ये ते काम थोडंफार खजूर करतो.

माप सांगते, वजनावर, कारण वाटी प्रत्येकीची वेगळी. रोल्ड ओट्स १८० ग्रॅम. भाजून साल काढलेले शेंगदाणे ६० ग्रॅम, खलबत्त्यात अर्धवट कुटलेले, मिक्सरमध्ये नको, कूट होतो. तीळ आणि भोपळ्याच्या बिया मिळून ४० ग्रॅम, दोन्ही भाजून. बी काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम. चिक्कीचा गूळ ७५ ग्रॅम. बिनसाखरेचं शेंगदाण्याचं बटर १०० ग्रॅम. तूप एक मोठा चमचा. मीठ, हो मीठ, पाव चमचा, विसरू नका, मिठाशिवाय हे सगळं बालवाडीच्या खाऊसारखं लागतं. सुंठ अर्धा चमचा. वेलची मला यात आवडत नाही, लगेच मिठाईकडे झुकतं, पण घरात मोठ्यांचा आग्रह असेल तर घाला बापडे.

खजुराबद्दल थोडं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या खोक्यातला काळा मऊ किमिया खजूर मिळतो ना, इराणचा, मजाफाती जातीचा, तो यासाठी पाचपैकी पाच. बोटांनीच मळला जातो, मिक्सरची गरजच नाही. प्लास्टिकच्या पाकिटात दाबून भरलेला जो लगदा मिळतो तोही चालतो आणि स्वस्त पडतो, पण त्यात बियांचे तुकडे निघतात, एकेक उलगडून बघायचा, यात आळस करू नका, दातांचा प्रश्न आहे. सुकी खारीक अजिबात नको. खजूर कोरडा असेल तर भिजत घालू नका, पाणी आत गेलं की बार टिकत नाही, त्यापेक्षा चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. आणि मिक्सरच लावायचा असेल तर खजुराबरोबर मूठभर ओट्स टाका, म्हणजे गोळा होऊन पात्याखाली अडकून बसत नाही.

शेंगदाण्याचं बटर विकतचं घ्यायची खरंच गरज नाही. भाजलेले दाणे गरम असतानाच मिक्सरमध्ये फिरवायचे, आधी कूट होतो, मग ओला गोळा, मग एकदम तेल सुटून चकचकीत होतं. मध्येमध्ये थांबून मिक्सरला श्वास घेऊ द्या, मोटर तापते. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं त्यामुळे वरून तेल घालायला लागत नाही, धीर धरायला लागतो. विकतचं घेतलंत तर घटक वाचा, शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच असलेलं. साखर आणि वनस्पती तेल घातलेल्या बटरने बार जास्त गुळगुळीत होतो खरा, पण मग एवढा खटाटोप घरी कशाला.

कृती अशी काही अवघड नाही. ओट्स, दाणे, बिया भाजून एका परातीत गरमच ठेवा. हे गरम असणं महत्त्वाचं आहे, गार ओट्सवर पाक पडला की जागच्या जागी आखडतो. कढईत तूप, गूळ, चमचाभर पाणी, मंद आच. गूळ वितळून फेस आला की पाण्यात थेंब टाकून बघायला लागायचं. मऊ गोळी आली की गॅस बंद, त्यात मळलेला खजूर, मग बटर आणि मीठ-सुंठ, भराभर घोटायचं, आणि हे सगळं परातीतल्या ओट्सवर. आता चमच्याने होत नाही, हाताला तूप लावून मळायचं, चटका सोसेल तेवढा. मग आठ इंची चौकोनी डब्यात बटर पेपर घालून त्यावर ओतायचं. बर्फीची थाळी असेल तर तीही चालते.

आणि थापणं. मंडळी, थापणं! निम्मे बार इथे बिघडतात. वरून हाताने सारखं केलं की दिसायला छान दिसतं पण आत पोकळ जागा राहतात आणि कापताना तुकडे पडतात. वर अजून एक बटर पेपर टाकून सपाट बुडाच्या जड वाटीने अंगातला जोर काढून दाबायचं, कडेने आधी, मग मध्ये. ओट्सच्या चपट्या पाकळ्या एकमेकींवर आडव्या बसतात आणि मगच बार धरतो. राजगिऱ्याच्या वडीत हे होत नाही, तिथे गोल गोल लाह्या नुसत्या गुळाच्या भरवशावर असतात, म्हणून ती चव उत्तम असूनही लोकलमध्ये खाल्ली की अर्धी शर्टावर. मला कुणी विचारलं की एवढी राजगिऱ्याची वडी असताना ओट्सच का, तर माझं उत्तर हेच आहे, चावायला ताण आणि सांडलवंड नाही. पोषणाच्या नावाने राजगिऱ्याला नाक मुरडायचं काहीच कारण नाही.

कापायची घाई करू नका. दोन तास तरी, जमलं तर रात्रभर झाकून ठेवा, कारण गूळ बसतो आणि ओट्स थोडा ओलावा पितात. मग सुरीला तूप लावून वरून एकदम खाली दाबायची, करवतीसारखी पुढेमागे नाही. बारा तुकडे होतात, एकेक साधारण पन्नास ग्रॅमचा.

आता ते शून्य मार्कांचं प्रकरण. वरच्या मापाची पाकिटांवरच्या आकड्यांवरून बेरीज केली तर एका बारला साधारण २२५ कॅलरी येतात, म्हणजे दोन पोळ्या. प्रोटीन सहा ग्रॅमच्या आसपास, फायबर साडेतीन-चार ग्रॅम, हे चांगलंच आहे. आणि साखर तेरा-चौदा ग्रॅम. त्यातली पाचेक ग्रॅम गुळाची, बाकी बहुतेक खजुराची. खजूर फळ आहे, फायबर आहे, सगळं मान्य, पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग साखरच असते. त्यामुळे खजुराचे बार "शुगर फ्री" म्हणून डायबिटीसवाल्या काकांना प्रेमाने नेऊन देणाऱ्यांनी जरा थांबावं. "नो अ‍ॅडेड शुगर" आणि "साखर नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तसंच कोलेस्टेरॉलचं. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली ती दिवसाला तीन ग्रॅम बीटा ग्लुकनच्या हिशोबाने. ओट्समध्ये ते साधारण चार टक्के. आपल्या एका बारमध्ये ओट्स किती, पंधरा ग्रॅम. म्हणजे बीटा ग्लुकन फार तर ०.६ ग्रॅम. तीन ग्रॅम गाठायला दिवसाला पाच बार खायला लागतील, म्हणजे अकराशे कॅलरी! कोलेस्टेरॉलसाठी ओट्स खायचे असतील तर सकाळी वाटीभर शिजवून ताकात कालवून खा की, बारला कशाला मध्ये घालता. हा खाऊ आहे, संध्याकाळी पाचला वडापावच्या गाडीजवळून पाय पुढे न्यायला मदत करणारा चांगला खाऊ, एवढीच त्याची नोकरी.

खर्च. आमच्या इथल्या वाण्याच्या भावाने सगळं मिळून एकशेऐंशी-नव्वद रुपये झाले, त्यातला सगळ्यात मोठा वाटा खजुराचा. म्हणजे बार पंधरा-सोळा रुपयांना पडला. बाजारात याच वजनाचा चाळीसपासून सत्तरपर्यंत जातो. गॅस आणि माझी मजुरी धरलेली नाही, ती आपल्याकडे धरायची पद्धतच नाही ना.

कुणाला काय वाटलं तेही लिहिते, नुसतं माझंच मत कशाला. मुलीने पहिला खाल्ला आणि दुसरा मागितला, हे सर्टिफिकेट पुरे. नवरा म्हणाला चॉकलेट पाहिजे होतं, तो पिठल्यातही चॉकलेट मागेल. शेजारच्या काकूंना दोन दिले, त्यांनी चावून बघितलं, परत चावून बघितलं, आणि अतिशय काळजीने म्हणाल्या, "चांगलं झालंय गं, पण चिक्की जरा मऊ पडली का?" सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, उपासाला चालतं का. ओट्स नाही चालत हो आई, म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. पण मग त्यांच्यासाठी याच चिकट्यात ओट्सऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या घालून बघितल्या, तीळ काढून टाकले, सुंठ ठेवली, आणि खरं सांगते, तो बार हलका, नाजूक आणि एकादशीला फस्त झाला. थापताना मात्र जोर कमी लावायचा, लाह्या चेपल्या की मजा गेली.

चॉकलेटचं विचाराल तर वरून ओतायला दुकानातलं कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट) सोपं, गार झालं की बसतं, पण जिभेवर मेणासारखं राहतं. खरं डार्क चॉकलेट चवीला कितीतरी पुढे पण उन्हाळ्यात डब्यात वितळून सगळीकडे हात बरबटतात. मी वर लावण्याऐवजी दोन चमचे कोको पावडर पाकातच घालते, बिनसाखरेची. कुरमुरे घालायचा सल्ला खूप ठिकाणी दिसतो, बार हलका होतो म्हणून, पण कुरमुरे दुसऱ्या दिवशी सादळतात, तेव्हा त्याच दिवशी संपवणार असाल तरच. काकवी घरात असेल तर चिक्कीच्या गुळाऐवजी ती आटवून मऊ गोळीपर्यंत आणा, कोल्हापूरकडच्या लोकांना हे सांगायला नको, चव अशी खोल येते की काय सांगू, फक्त आटवायला वेळ लागतो आणि ओट्स तोपर्यंत गार होतात, ते परत कढईत फिरवून घ्यायचे.

टिकण्याचं म्हणाल तर हवा कोरडी असेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर आठवडाभर काही होत नाही. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, कोकणात आणि मुंबईत तर विचारू नका, वरून चिकट व्हायला लागतात आणि एकमेकांना मिठी मारून बसतात. मध्ये बटर पेपरचे तुकडे घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमधला बार दगडासारखा वाटतो कारण तूप आणि गूळ दोन्ही आखडतात, खायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवला की माणसात येतो. मला स्वतःला मात्र थोडा थंड, कडक असतानाच कडेने कुरतडायला आवडतो.

सिलिकॉनचे बारचे साचे ऑनलाइन दिसतात, मोह होतो, घेऊ नका. साचा मऊ असतो, दाबायला गेलं की बाजूला फुगतो, आणि वर सांगितलं तसं दाबण्यावरच तर सगळं आहे. एक मार्क, तो रंगासाठी. तेवढ्या पैशात जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा येतो, त्यात पुढे ढोकळा होतो, केक होतो, सुरळीच्या वड्याही राहतात.

शाळेच्या डब्यात देणार असाल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. काही शाळांमध्ये आता दाणे-काजू-बदाम आणायला मनाई आहे, ॲलर्जीच्या मुलांमुळे, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी शेंगदाण्याच्या बटरऐवजी सूर्यफुलाच्या बिया भाजून तशाच मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटायच्या, कुटलेल्या दाण्यांच्या जागी भोपळ्याच्या बिया. तीळही काही जणांना चालत नाही, तेही विचारा. हे बटर जरा कडवट असतं म्हणून गूळ पंधरा ग्रॅम वाढवा, आणि सुंठ मुलांसाठी निम्मी. आणि मधाच्या रेसिपीने करणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाच्या हातात तो बार देऊ नका, तेवढ्या लहान बाळांना मध द्यायचाच नसतो.

कुणी साध्या कोल्हापुरी गुळाने करून बघितला आणि धरला असेल तर खाली नक्की लिहा, तुपाचं प्रमाण किती घेतलंत तेही सांगा.